वजन उतरवण्याचा हिशेब

आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर एक पाटी हमखास दिसते : 'अति घाई, संकटात नेई.' घाट उतरताना एस. टी.चा जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो. मागे बसलेल्या प्रवाशांना कितीही घाई असली, तरी तो वेग वाढवत नाही. प्रवासी दहा मिनिटे उशिरा पोहोचले तरी चालेल, पण सुखरूप पोहोचले पाहिजेत, हे त्याला ठाऊक असते. हीच पाटी वजन उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वजनकाट्यावर चिकटवावी, असे माझे मत आहे. हे मत कसे बनले ते सांगण्यासाठी मी माझ्या मोठ्या बहिणीची, म्हणजे आमच्या आपांची, हकीकत सांगतो. ती सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

आपांचे वय त्या वेळी त्रेचाळीस वर्षे होते आणि वजन ७८ किलो. एकदा रक्ताची तपासणी केली, तेव्हा साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह झालेला नाही, पण वाट त्याच दिशेने चालली आहे. पाच-सहा किलो वजन कमी करा आणि रोज चालत जा." पाच-सहा किलो! आपांना हा आकडा अगदीच किरकोळ वाटला. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा निकाह होता. बसस्थानकाजवळच्या एका भिंतीवर त्यांनी जाहिरात वाचली होती : 'एका महिन्यात दहा किलो वजन घटवा.' त्यांनी मनाशी ठरवून टाकले, की निकाहपर्यंत पंधरा किलो उतरवायचेच.

दुसऱ्या दिवसापासून चपाती बंद, भात बंद. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी आणि रात्री वाटीभर पातळ डाळ. पहिल्या आठवड्यात काटा अडीच किलोंनी खाली आला. घरात आनंदीआनंद झाला! दुसऱ्या आठवड्यात एक किलो उतरले, तिसऱ्या आठवड्यात पाव किलो आणि चौथ्या आठवड्यात काटा जागचा हलला नाही. आपांना चक्कर येऊ लागली. लहानसहान गोष्टींवरून त्या चिडू लागल्या. एके दिवशी स्वयंपाकघरात त्या मटकन खाली बसल्या, तेव्हा अम्मींनी त्यांना बळेच पोटभर जेवू घातले. उपासमार तिथेच संपली. निकाहच्या दिवशी वजन पुन्हा ७७ किलो भरले. "माझ्यातच दम नाही," असे म्हणून आपांनी सगळे प्रयत्न सोडले. पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जाणेही त्यांनी टाळले.

त्यांचे ते वाक्य माझ्या मनाला फार लागले. वजन परत आले, याचे मला तितके वाईट वाटले नाही. परंतु साखर काठावर असताना त्यांनी डॉक्टरांकडे पाठ फिरवली, ही खरी हानी होती. मी शाळेत गणित शिकवतो. एका रात्री मी वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "आपा, दोष तुमचा नाही. गणितच चुकीचे मांडले होते. चला, पुन्हा सोडवू या."

विद्यार्थी मित्रांनो, ते गणित तुम्हीही सोडवून पाहा. अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. यालाच आपण बोलताना कॅलरी म्हणतो. शरीरात साठलेली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. मग दहा किलो चरबी म्हणजे ७७,००० उष्मांक झाले. ही चरबी तीस दिवसांत जाळायची, तर रोज सुमारे २५६० उष्मांकांची तूट पडली पाहिजे. आता घरकाम करणाऱ्या मध्यम वयाच्या स्त्रीचे शरीर दिवसभरात साधारणपणे १८०० ते २००० उष्मांक खर्च करते. म्हणजे तिने महिनाभर अन्नाचा एक कणही तोंडात घातला नाही, तरी दहा किलो चरबी जळणार नाही! भिंतीवरची जाहिरात करणाऱ्याला एकतर गणित येत नसावे, किंवा वाचणाऱ्याला ते येत नाही अशी त्याची खात्री असावी.

"मग पहिल्या आठवड्यात अडीच किलो कसे उतरले?" आपांनी विचारले. प्रश्न बरोबर होता. आपले यकृत आणि स्नायू थोडी साखर साठवून ठेवतात. तिला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे एकदम तोडले, की शरीर आधी हा साठा वापरते आणि त्याच्याबरोबरचे पाणीही निघून जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो. त्यात चरबीचा वाटा थोडा आणि पाण्याचा मोठा असतो. पुन्हा नीट जेवू लागले, की साठा भरतो आणि पाणी परत येते. आपण ज्याला यश समजून पेढे वाटतो, ते बव्हंशी पाणीच असते.

आता खरे गणित मांडू. आठवड्याला अर्धा किलो ते एक किलो हा वेग डॉक्टर सर्वसाधारणपणे योग्य मानतात. अर्धा किलो चरबी म्हणजे ३८५० उष्मांक, म्हणजेच दिवसाला ५५० उष्मांकांची तूट. आम्ही आपांच्या रोजच्या जेवणाचा हिशेब मांडला. त्या दिवसातून चार कप चहा घेत आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असे. साखर निम्मी केली, तर ८० उष्मांक वाचतात. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात. सालन आणि तळणातले वीस ग्रॅम तेल कमी केले, तर १८० उष्मांक वाचतात. एक चपाती कमी करून तिच्या जागी कोशिंबीर घेतली, तर शंभराच्या आसपास वाचतात. रोज पाऊण तास भरभर चालले, तर आणखी दीडशे-पावणेदोनशे उष्मांक खर्च होतात. बेरीज पाचशेच्या पुढे जाते. या हिशेबात कुठेही उपासमार नाही. घरच्या ताटात थोडा फेरबदल आहे, इतकेच.

मात्र या गणितातही एक मेख आहे. दर आठवड्याला अर्धा किलो, तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांत सव्वीस किलो, असा गुणाकार करू नका. शरीर हलके होऊ लागले, की त्याचा खर्चही कमी होतो. रिकाम्या मालमोटारीला भरलेल्या मालमोटारीपेक्षा कमी डिझेल लागते, तसेच हे आहे. शिवाय वजन उतरू लागले, की भूकही वाढते. म्हणून वेग हळूहळू मंदावतो आणि कधी कधी काटा तीन-तीन आठवडे एकाच जागी थांबतो. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली याचा हिशेब मांडून दाखवला. रोजच्या आहारात कायमचा बदल केला, तर त्यामुळे जितके वजन कमी होणार असते, त्यातले निम्मे कमी व्हायला सुमारे एक वर्ष लागते आणि जवळजवळ सगळे कमी व्हायला तीन वर्षे लागतात. तेव्हा काटा थांबला म्हणजे प्रयत्न फसला, असे समजू नये.

मला वाटते, वजनाच्या बाबतीत माणसाला जिभेइतकीच त्याची अपेक्षाही फसवते. अमेरिकेत १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या साठ स्त्रियांना उपचारापूर्वी विचारले, की तुम्हाला किती वजन कमी करायचे आहे? त्यांचे ध्येय सरासरीने आपल्या वजनाच्या ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, कमी करण्याचे होते. सतरा किलो कमी झाले तर आपली निराशा होईल, असे त्यांनी सांगितले. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी सोळा किलो वजन कमी झाले. डॉक्टरांच्या दृष्टीने हे उत्तम यश होते. पण ४७ टक्के स्त्रियांना, ज्या वजनावर आपली निराशा होईल असे त्या म्हणाल्या होत्या, तेवढेही गाठता आले नाही. म्हणजे यश हाती आले आणि अपेक्षेने त्याचे अपयश करून टाकले! आमच्या आपांचेही हेच झाले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो आणि मग वरात लांबली म्हणून रुसतो, तशातला हा प्रकार.

मग किती वजन कमी झाले म्हणजे पुरे? याचे उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. मधुमेह टाळता येतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांची साखर काठावर होती. त्यांच्यापैकी एका गटाला आपले वजन केवळ सात टक्क्यांनी कमी करण्याचे आणि आठवड्यातून दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय दिले होते. या गटाचे वजन सरासरीने साडेपाच किलोंच्या आसपासच उतरले. तरीही नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ७८ किलोंचे सात टक्के काढा. उत्तर साडेपाच किलोंच्या जवळ येते. डॉक्टरांनी आपांना सांगितलेला आकडा किरकोळ नव्हता. तो अगदी हिशेबातला होता.

येथे कोणी म्हणेल, "काही जणांना झटपट वजन उतरलेले पाहूनच हुरूप येतो. त्यांनी वेगाने उतरवले तर काय बिघडले?" या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे दोनशे लोकांवर झालेल्या एका प्रयोगात एका गटाचे वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बारा आठवड्यांत उतरवले, तर दुसऱ्या गटाचे ३६ आठवड्यांत. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ठरवलेले वजन गाठणारे लोक वेगवान गटातच अधिक निघाले. पण पुढे जवळजवळ तीन वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले, तेव्हा दोघांचेही उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७० टक्के वजन परत आले होते. वेगाने उतरवणाऱ्यांचे जास्त परत आले असे नाही. सावकाश उतरवणाऱ्यांचेही तितकेच परत आले.

या प्रयोगावरून मी असा धडा घेतो, की नुसते हळू जाणे पुरेसे नाही. वजन उतरल्यावर आपण कसे जगणार आहोत, हा मुख्य प्रश्न आहे. काकडी आणि कोमट पाणी यांवर कोणी आयुष्य काढू शकत नाही. पण कमी तेलाचे सालन, कमी साखरेचा चहा आणि रोजचे चालणे यांवर आयुष्य सहज काढता येते. जी सवय आपण दहा वर्षांनीही पाळू शकू, तिच्यामुळे ज्या गतीने वजन उतरेल, तीच आपली खरी गती. शिवाय मेलबर्नमधल्या लोकांवर डॉक्टरांचे लक्ष होते. घरच्या घरी उपाशी राहणाऱ्यावर कोणाचे लक्ष असते? फार वेगाने वजन उतरले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी दरवर्षी घेतलेला आहे. रमजानच्या महिन्यात पुष्कळांचे वजन थोडे उतरते. वेगवेगळ्या देशांत झालेल्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली घेतला गेला. त्यात असे दिसले, की रमजानमध्ये सरासरी सव्वा किलो वजन कमी होते आणि नंतरच्या काही आठवड्यांत त्यातले बरेचसे परत येते. यात नवल नाही. ईदचा शीरखुर्मा झाला, की खाण्यापिण्याच्या वेळा आणि सवयी पूर्ववत होतात. मग वजनही पूर्ववत होते. रोजा ही इबादत आहे. वजन घटवण्याची युक्ती म्हणून त्याकडे पाहणे मला योग्य वाटत नाही. परंतु सवय बदलली तर वजन बदलते आणि सवय परतली तर वजनही परतते, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

हल्ली वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची फार चर्चा आहे. काही रुग्णांसाठी ती खरोखरच उपयुक्त आहेत आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी लागतात. पण त्यांचाही वेग पाहा. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन सरासरी १५ टक्के वजन कमी झाले, पण त्याला ६८ आठवडे लागले, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक! आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातले सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. इतक्या प्रभावी औषधालाही जे महिनाभरात जमत नाही, ते भिंतीवरच्या जाहिरातीतली भुकटी कशी करणार?

मित्रांनो, आता थोडे तुमच्याविषयी. वर केलेला हिशेब मोठ्या माणसांचा आहे. तो तुम्ही स्वतःवर चालवू नका. तुमचे वय वाढीचे आहे. तुमची हाडे, स्नायू आणि रक्त तयार होत आहे. या वयात वजन थोडे जास्त असले, तर पुष्कळदा ते घटवण्याची गरजच नसते. वजन आहे तेथेच राहिले आणि उंची वाढत गेली, तरी दोन वर्षांत शरीर आपोआप प्रमाणात येते. काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे. मुलींनी तर अधिकच जपले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा वयात कोणी टोमणा मारला म्हणून जेवण सोडणे म्हणजे आधीच रिकाम्या असलेल्या हंड्याला आणखी एक भोक पाडणे होय. खेळा, सायकल चालवा, वडापाव आणि बाटलीबंद गोड पेये रोज घेऊ नका. पण घरचे जेवण सोडू नका. आणि हो, वर्गातल्या कोणालाही त्याच्या वजनावरून हाक मारू नका.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी मात्र तुम्ही एक काम करू शकता. अम्मी, अब्बा, खाला किंवा चाचा वजन कमी करण्याचा प्रयत्न करत असतील, तर दर आठवड्याला "किती उतरले?" असे विचारू नका. "आज चालायला येऊ का तुमच्याबरोबर?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस खचतो. दुसऱ्या प्रश्नाने त्याला सोबत मिळते.

आमच्या आपांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा कोणतीही तारीख ठरवली नाही. रोज फजरच्या नमाजानंतर त्या आणि त्यांची शेजारीण चालायला जाऊ लागल्या. पहिल्या तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. पुढचे अडीच किलो उतरायला आणखी आठ महिने लागले. मधे दीड महिना काटा एकाच जागी होता. त्या वेळी आपा मला म्हणाल्या, "थांबलाय तो. मी थांबलेले नाही." आता दोन वर्षे त्यांचे वजन ७१ ते ७२ किलोंच्या दरम्यान आहे आणि रक्तातली साखर काठावरून मागे सरली आहे. पंधरा किलोंचे स्वप्न पुरे झाले नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेले सहा किलो मात्र गेले ते परत आले नाहीत.

त्यांच्या मुलीच्या निकाहचे छायाचित्र घरात भिंतीवर आहे. त्यात आपा पूर्वीसारख्याच जाड दिसतात. परवा मी त्याविषयी गमतीने काही बोललो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अरे, छायाचित्रात बारीक दिसायला मला दोन महिने हवे होते. नातवंडांबरोबर चालायला मात्र वीस वर्षे हवी आहेत." घाट उतरताना घाई का करू नये, हे मला आपांइतक्या थोड्या शब्दांत सांगता आले नसते.